अटकेची कारणं लेखी मिळाली का? पहिल्या चोवीस तासांत बघायच्या गोष्टी

घरातल्या माणसाला पोलिसांनी नेलं की आधी ओळखीचा हवालदार शोधला जातो, मग कुणा पुढाऱ्याला फोन होतो आणि बऱ्याच उशिराने वकील गाठला जातो. या धावपळीत दोन गोष्टी बघायच्या राहून जातात: माणसाला नेमकं किती वाजता नेलं, आणि त्याच्या हातात कोणता कागद दिला. पुढे कोर्टात बऱ्याच वेळा या दोनच गोष्टींवर वाद होतो. त्या पहिल्या दिवशी नोंदल्या नसतील तर नंतर सिद्ध करणं फार जड जातं.

भारतीय राज्यघटनेचा अनुच्छेद 22 याबद्दल स्पष्ट आहे. अटक केलेल्या माणसाला अटकेची कारणं शक्य तितक्या लवकर कळवली पाहिजेत, त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे आणि चोवीस तासांच्या आत त्याला जवळच्या दंडाधिकाऱ्यासमोर उभं केलं पाहिजे. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे बीएनएसएस, लागू झाली. तिच्या कलम 47 मध्ये कारणं कळवण्याची आणि कलम 58 मध्ये चोवीस तासांची तरतूद आहे. घटनेतला शब्द मात्र फक्त ‘कळवणं’ आहे. तोंडी सांगितलं तर चालेल का, या एका प्रश्नावर गेल्या काही वर्षांत सर्वोच्च न्यायालयात निकालांची रांग लागली.

ऑक्टोबर 2023 मध्ये पंकज बन्सल खटल्यात न्यायालयाने मनी लाँडरिंगच्या कायद्याखालच्या अटकेत कारणं लेखीच दिली पाहिजेत असं सांगितलं. मे 2024 मध्ये प्रबीर पुरकायस्थ खटल्यात हाच नियम यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याला लागू झाला. 7 फेब्रुवारी 2025 रोजी विहान कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या निकालाने आणखी तीन गोष्टी पक्क्या केल्या. कारणं कळवली हे दाखवण्याचा भार पोलिसांवर आहे. नातेवाइकांना अटकेची खबर दिली म्हणजे अटक झालेल्या माणसाला कारणं कळवली असं होत नाही. आणि अटकच घटनाबाह्य असेल तर पुढे दोषारोपपत्र दाखल झालं म्हणून ती दुरुस्त होत नाही. तरीही गोंधळ उरला होता, कारण ऑगस्ट 2025 मध्ये कर्नाटकातल्या एका गाजलेल्या खून खटल्यात न्यायालयाने म्हटलं की केवळ लेखी कारणं दिली नाहीत एवढ्यावर अटक रद्द होत नाही, त्यामुळे आरोपीचं काय नुकसान झालं हे बघावं लागेल.

6 नोव्हेंबर 2025 रोजी मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने तो गोंधळ मिटवला. गुन्हा कोणत्याही कायद्याखालचा असो, खुनाचा असो की फसवणुकीचा, अटकेची कारणं लेखी द्यायची आणि त्या माणसाला कळणाऱ्या भाषेत द्यायची. गुन्हा पोलिसांच्या डोळ्यांदेखत घडला आणि तिथे लिहून देणं शक्य नव्हतं, तर त्या क्षणी तोंडी सांगितलेलं चालतं. पण मग लेखी कागद वाजवी वेळेत, आणि काहीही झालं तरी रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागण्यासाठी, दंडाधिकाऱ्यासमोर हजर करण्याच्या किमान दोन तास आधी, हातात पडला पाहिजे. तसं झालं नाही तर अटक आणि तिच्यावर मिळालेला रिमांड दोन्ही बेकायदा ठरतात आणि माणसाला सोडावं लागतं. ही पद्धत यापुढच्या अटकांना लागू होईल असं निकालातच म्हटलं आहे, म्हणून निकालाआधीच्या अटकेत हा मुद्दा मांडताना वकिलाला अधिक सांभाळून युक्तिवाद करावा लागतो.

दोन तास हा आकडा वकिलासाठी आहे. रिमांडला विरोध करायचा तर आरोप काय आहे हे वकिलाला आधी कळायला हवं. कोर्टाच्या व्हरांड्यात पाच मिनिटांपूर्वी कागद हातात दिला तर कुणीच काही मांडू शकत नाही. आरोपीला दुपारी तीनला हजर करणार असतील तर कागद एकच्या आत मिळालेला असावा आणि पोचीवर वेळ लिहिलेली असावी. सही करताना आरोपीने स्वतःच्या हाताने तारीख आणि वेळ टाकायला मागावी. नुसती सही करून कागद परत दिला की वेळेचा रकाना नंतर भरला जाण्याचा धोका उरतो.

कागदावर काय लिहिलेलं असावं

ऊसतोडीच्या हंगामात सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांत नेहमी दाखल होणारा गुन्हा घेऊ. ऊसतोड मजुरांची टोळी पुरवतो म्हणून मुकादमाने वाहनमालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली, टोळी आलीच नाही, फोन बंद. फिर्याद झाली. भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4), म्हणजे फसवणूक, शिक्षा सात वर्षांपर्यंत. मुकादमाला अटक झाली आणि त्याला असा कागद मिळाला:

‘आपणास गु.र.नं. अमुक, भा.न्या.सं. कलम 318(4) अन्वये दाखल गुन्ह्याच्या तपासकामी अटक करण्यात येत आहे. आपण पुराव्यात छेडछाड करण्याची व फरार होण्याची शक्यता आहे.’

हा कागद लेखी आहे, पण पुरेसा नाही. यातलं वाक्य कोणत्याही गुन्ह्यातल्या कोणत्याही आरोपीला जसंच्या तसं देता येईल. प्रबीर पुरकायस्थ निकालात न्यायालयाने हाच फरक समजावून सांगितला आहे. पळून जाईल, साक्षीदारांना धमकावेल, पुरावा नष्ट करेल ही अटक करण्याची सर्वसाधारण निमित्तं झाली. अटकेची कारणं ही त्या माणसापुरती असतात. त्याच्याविरुद्ध नेमकी कोणती वस्तुस्थिती आहे ते त्यात आलं पाहिजे, म्हणजे त्याला उत्तर देता येईल. तोच कागद असा हवा:

‘फिर्यादी यांच्याकडून आपण अमुक तारखेस ऊसतोड मजुरांच्या बारा कोयत्यांची टोळी पुरवण्याचा करार करून सहा लाख रुपये आपल्या बँक खात्यावर घेतले. त्याच काळात याच टोळीसाठी आपण दुसऱ्या वाहनमालकाकडूनही रक्कम घेतल्याची नोंद खात्यात आढळली. हंगाम सुरू होऊनही टोळी पाठवली नाही व रक्कम परत केली नाही. यावरून सुरुवातीपासून फसवणुकीचा हेतू दिसून येतो म्हणून अटक करण्यात येत आहे.’

हे वाचून मुकादम सांगू शकतो की दुसरी रक्कम मागच्या हंगामाची होती आणि हिशेबाची वही घरी आहे. वकील ती वही रिमांडच्या वेळीच कोर्टापुढे ठेवू शकतो. कागदाचा उपयोग हा असा असतो. निव्वळ करार मोडणं हा दिवाणी वाद आहे. पैसे घेतानाच फसवायचं मनात होतं हे दिसलं तर फसवणूक. कारणांच्या कागदात हा हेतू कशावरून काढला ते नसेल तर वकिलाने पहिल्याच रिमांडला त्यावर बोट ठेवावं.

फिर्यादीनेही या कागदाकडे दुर्लक्ष करू नये. तासगाव, पलूस, मिरज भागात द्राक्षाचे पैसे बुडवून व्यापारी परागंदा झाला की शेतकरी महिनोन्‌महिने त्याच्या अटकेची वाट बघतात. तो सापडला आणि कारणांचा कागद ढोबळ निघाला तर पहिल्याच आठवड्यात त्याची सुटका होऊ शकते. म्हणून शेतकऱ्याने पावत्या, काट्याच्या चिठ्ठ्या आणि न वटलेल्या धनादेशांच्या नकला तपासी अंमलदाराकडे आधीच देऊन ठेवाव्यात. कागद भरायला नेमका मजकूर त्याच्या हाताशी राहतो.

जतच्या पूर्व भागात कागद कोणत्या भाषेत

‘कळणारी भाषा’ ही अट सांगली जिल्ह्यात फार खरी आहे. जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांत घरातली आणि शाळेचीही भाषा कन्नड आहे. मिरज, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत उत्तर प्रदेश, बिहारहून आलेले कामगार आहेत. त्यांच्या हाती मराठीत टंकलेला कागद देऊन सही घेतली तर घटनेची अट पूर्ण होत नाही. हा मुद्दा नवा नाही. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1962 च्या निकालात नागपूरच्या एका माणसाला स्थानबद्धतेची, म्हणजे गुन्हा होऊ नये म्हणून आधीच डांबून ठेवण्याची, कारणं इंग्रजीत दिली होती आणि त्याने हिंदी भाषांतर मागूनही दिलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धता रद्द केली. इंग्रजीतला मजकूर कुणीतरी तोंडी समजावून सांगितला हे न्यायालयाने पुरेसं मानलं नाही.

म्हणून आरोपी कन्नडभाषक असेल तर दंडाधिकाऱ्याने ‘काही तक्रार आहे का’ असं विचारल्यावर त्याने तिथेच सांगावं की कागद मला वाचता आला नाही. हे वाक्य रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, घ्यायला वकिलाने विनंती करावी. महिन्यानंतर वरच्या कोर्टात पहिल्यांदाच सांगितलं तर ‘तेव्हा का बोलला नाहीत’ हा प्रश्न येतो. माणूस निरक्षर असेल तर काय वाचून दाखवलं, कुणी आणि कोणत्या भाषेत, याची नोंद मागावी.

चोवीस तास कुठून मोजायचे

शनिवारी रात्री नऊ वाजता माणसाला ढाब्यावरून पोलीस ठाण्यात नेलं. घरच्यांना सांगितलं, ‘चौकशी आहे, सोडतो.’ स्टेशन डायरीत अटकेची नोंद झाली रविवारी दुपारी चारला. कोर्टात हजर केलं सोमवारी दुपारी तीनला. कागदावर तेवीस तास, प्रत्यक्षात बेचाळीस.

कायद्याच्या नजरेत अटक डायरीतल्या नोंदीने सुरू होत नाही. माणसाच्या मोकळेपणाने निघून जाण्यावर बंधन आलं की अटक सुरू झाली, असं मुंबई उच्च न्यायालयाने 1990 च्या अशक हुसेन अल्ला देठा निकालात सांगितलं आहे. अडचण पुराव्याची असते. म्हणून नेल्यानंतर पहिल्या तासाभरात वेळेचा ठसा उमटेल असं काहीतरी करून ठेवायचं. जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या ईमेलवर ‘अमुक वाजता अमुक ठिकाणाहून नेलं, कुठे ठेवलं ते कळवावं’ एवढं दोन ओळींत लिहिलं तरी पुरतं. 112 वर केलेला फोन, ढाब्यावरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण, गाडीचा नंबर, सगळं उपयोगी पडतं.

पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण तर सगळ्यांत मोलाचं. 2 डिसेंबर 2020 रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्याचा दरवाजा, कोठडी, व्हरांडा, ठाणे अंमलदाराची खोली अशा सगळ्या जागा कॅमेऱ्याखाली आणायला सांगितल्या आणि चित्रण अठरा महिने, ते जमत नसेल तर किमान एक वर्ष जपायला सांगितलं. तरी ‘डीव्हीआर बंद होता’ हे उत्तर ऐकायला मिळतं. त्यामुळे पहिल्या रिमांडलाच त्या तारखेचं आणि वेळेचं चित्रण जपून ठेवण्याचा आदेश कोर्टाकडे लेखी अर्जाने मागावा. 2017 साली सांगलीत पोलीस कोठडीतल्या तरुणाचा मृत्यू झाला आणि अख्खा महाराष्ट्र हादरला. कोठडीत काय घडलं याची नोंद का लागते हे या जिल्ह्याला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नाही.

चोवीस तासांत प्रवासाचा वेळ धरत नाहीत. वडूजच्या पोलिसांनी बीडमध्ये माणूस पकडला तर तिथून दंडाधिकाऱ्यापर्यंत आणायला लागणारा वाजवी वेळ वगळला जातो. रविवार किंवा सणाची सुट्टी मात्र वगळत नाहीत. सुट्टीच्या दिवशीही रिमांडसाठी दंडाधिकारी नेमलेले असतात, तेव्हा ‘कोर्ट बंद होतं’ हे कारण टिकत नाही.

बाकीच्या अटी थोडक्यात. बीएनएसएसच्या कलम 36 प्रमाणे अटकेचा पंचनामा तयार करून त्यावर घरातल्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून आणि अटक झालेल्याची स्वतःची सही घ्यावी लागते. कलम 48 प्रमाणे अटकेची आणि ठेवलेल्या जागेची खबर नातेवाइकाला किंवा त्याने सांगितलेल्या मित्राला द्यावी लागते. कलम 53 प्रमाणे वैद्यकीय तपासणी होते आणि अहवालाची प्रत आरोपीला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला मिळायला हवी. अंगावर मार असेल तर डॉक्टरला तिथेच दाखवायचा. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थिती असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्याने आधी लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते.

वकिलासाठी पैसे नसतील तरी वाट अडत नाही. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, कारण विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 मध्ये ‘कोठडीत असलेली व्यक्ती’ हा वेगळाच पात्र गट आहे. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा न्यायालयांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. 15100 हा त्यांचा मोफत क्रमांक.

सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात आधी नोटीस

वरच्या मुकादमाला मुळात अटक करायलाच हवी होती का? सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात बीएनएसएसचं कलम 35 पोलिसांना थांबायला लावतं. अटक कशासाठी गरजेची आहे ते लेखी नोंदवायचं, नाहीतर कलम 35(3) ची नोटीस देऊन हजर राहायला सांगायचं. जुन्या कायद्यात हेच कलम 41 आणि 41अ होतं. 2 जुलै 2014 च्या अर्नेश कुमार निकालाने गुन्हा नोंदल्यापासून दोन आठवड्यांत नोटीस देण्याची आणि अटक केली तर तपासणी यादी भरून दंडाधिकाऱ्यापुढे ठेवण्याची शिस्त घातली. जुलै 2022 मध्ये सत्येंदर कुमार अंतिल निकालाने सांगितलं की हे पाळलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो.

साधी मारहाण, मोटारसायकल चोरी, कुंपणावरून शिवीगाळ, फसवणूक, पाटाचं पाणी बेकायदा वळवणं, गावपातळीवरचे बहुतेक गुन्हे या सात वर्षांच्या आत येतात. एकाच मारामारीत मात्र कलमावरून चित्र पालटतं. हाताने मारून हाड मोडलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 117(2), सात वर्षांपर्यंत. तेच हाड कोयत्याने किंवा कुऱ्हाडीने मोडलं तर कलम 118(2), जन्मठेपेपर्यंत शिक्षा, आणि नोटिशीचा हा मार्ग बंद. त्यामुळे फिर्यादीत हत्याराचा उल्लेख कसा आहे आणि वैद्यकीय दाखल्यात जखम कशाने झाली म्हटलंय, हे दोन्ही ताडून बघावं.

नोटीस मिळाली की ठरल्या वेळी हजर राहायचं आणि हजेरीची नोंद घ्यायची. गेलं नाही तर त्याच कारणावर अटक होऊ शकते. ‘कापणी चालू होती’ हे कारण असेल तर आधी लेखी कळवून पुढची वेळ मागावी. साठ वर्षांवरच्या किंवा आजारी माणसाच्या बाबतीत, गुन्हा तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा असेल तर पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक करता येत नाही.

ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये बजावलं आहे. ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकार कायद्यात कुठेच नाही. व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला माणूस अटकेची धमकी देऊन पैसे मागत असेल तर फोन ठेवून 1930 वर तक्रार करायची. निवृत्त शिक्षक आणि पेन्शनवर जगणाऱ्या माणसांना घरातल्यांनी हे आवर्जून सांगून ठेवावं.

साठ आणि नव्वद दिवसांचा हिशेब

रिमांड मिळाला की पोलीस कोठडी, बोलीभाषेत पीसीआर, आणि मग न्यायालयीन कोठडी, म्हणजे एमसीआर. नव्या कायद्यात पोलीस कोठडीचे पंधरा दिवस सलग घेतले पाहिजेत असं नाही. दोषारोपपत्रासाठी साठ दिवसांची मुदत असलेल्या गुन्ह्यात पहिल्या चाळीस आणि नव्वदच्या गुन्ह्यात पहिल्या साठ दिवसांत ते तुकड्यांनी मागता येतात. एमसीआर झाला म्हणजे पोलीस कोठडी संपली असं म्हणून निर्धास्त राहू नये.

या मुदतीत दोषारोपपत्र दाखल झालं नाही तर बीएनएसएसच्या कलम 187(3) प्रमाणे जामिनाचा हक्क मिळतो. याला डिफॉल्ट बेल म्हणतात. मृत्यूदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर नव्वद दिवस, इतर गुन्ह्यांत साठ. इथे आरोप खरा की खोटा, पुरावा भक्कम की कच्चा, हे बघायचंच नसतं. 2020 च्या बिक्रमजीत सिंग निकालाने हा अनुच्छेद 21 मधला मूलभूत हक्क आहे असं ठरवलं. लॉकडाऊनमध्ये सगळ्या मुदती वाढल्या, तेव्हाही एस. कासी निकालात ही मुदत वाढवायला न्यायालयाने नकार दिला.

मोजणीत चूक होते ती पहिल्या दिवसाची. अटकेची तारीख धरायची नाही, पहिल्या रिमांडची धरायची, आणि तो दिवस मोजायचा, असं मार्च 2023 मध्ये कपिल वाधवान खटल्यात तीन न्यायमूर्तींनी ठरवलं. पहिला रिमांड 10 जानेवारी 2026 चा असेल तर जानेवारीचे बावीस, फेब्रुवारीचे अठ्ठावीस आणि मार्चचे दहा मिळून साठावा दिवस 10 मार्च येतो. 11 मार्चला हक्क उभा राहतो.

पण हा हक्क आपोआप हातात पडत नाही, मागावा लागतो. 11 मार्चला सकाळी कोर्ट उघडताच अर्ज गेला आणि दुपारी दोषारोपपत्र आलं, तरी हक्क टिकतो, असं एम. रवींद्रन निकाल सांगतो. अर्ज केलाच नाही आणि 12 तारखेला दोषारोपपत्र आलं, तर हक्क गेला. तालुक्याच्या कोर्टात असं होताना दिसतं, कारण वकिलाचा गुणवत्तेवरचा जामीन अर्ज आधीच प्रलंबित असतो आणि त्याच्याच तारखेची वाट बघत सगळे बसतात. तो अर्ज वेगळा, हा वेगळा. घरच्यांनी कॅलेंडरवर साठावा आणि नव्वदावा दिवस पहिल्याच आठवड्यात मांडून ठेवावा आणि आदल्या दिवशी वकिलाला फोन करावा.

वीस किलोहून जास्त गांजासारख्या व्यापारी प्रमाणातल्या अमली पदार्थांच्या गुन्ह्यात ही मुदत एकशे ऐंशी दिवस आहे. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, लावला तर सरकारी वकिलाच्या अहवालावर विशेष न्यायालय ती नव्वदवरून एकशे ऐंशीपर्यंत वाढवू शकतं.

जामीन झाला, पण माणूस घरी आला नाही

आदेश होऊनही सुटका अडते ती जामीनदारावर. सातबारा उतारा, आधार, रेशन कार्ड आणि मागितल्यास ऐपतदार दाखला लागतो. उताऱ्यावर सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असला किंवा सामाईक खात्यात नाव असलं की हरकत निघते, आणि इथल्या बहुतेक उताऱ्यांवर पीककर्जाचा बोजा असतोच. म्हणून दोन जामीनदारांची कागदपत्रं आधीच तयार ठेवावीत. परजिल्ह्यातला जामीनदार चालत नाही असं सांगितलं गेलं तर मोतीराम निकाल दाखवावा. मध्य प्रदेशातल्या मोतीराम या गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला होता आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून त्याला नाकारलं होतं. 1978 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो आदेश चुकीचा ठरवला. ऊसतोड मजूर, वीटभट्टीवरची आणि द्राक्षबागेतली बाहेरची माणसं यांच्यासाठी हा निकाल आजही कामाचा आहे.

31 जानेवारी 2023 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिन्याभरात जामीनपत्र भरता आलं नाही तर न्यायालय अट सौम्य करण्याचा विचार स्वतःहून करू शकतं. प्रत्यक्षात कुणीतरी पाठपुरावा करावा लागतो. सातारा किंवा सांगलीच्या जिल्हा कारागृहात, किंवा कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात, माणूस आठ दिवसांहून जास्त अडकला असेल तर आदेशाची नक्कल जोडून प्राधिकरणाकडे साधा अर्ज द्यावा. जामिनाची रक्कम कमी करण्याचा किंवा जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर, सोडण्याचा अर्ज त्याच कोर्टात करता येतो.

अटक बेकायदा ठरली म्हणजे खटला संपला असा समज मात्र करून घेऊ नये. गुन्हा राहतो, तपास चालतो. मिहिर शहा निकालातच सोय आहे की पोलीस लेखी कारणं देऊन, आधी का दिली नाहीत याचा खुलासा करून, पुन्हा कोठडी मागू शकतात आणि दंडाधिकाऱ्याने शक्यतो आठवड्यात त्यावर निर्णय द्यायचा. सुटलेल्या माणसाने गाव सोडून जाऊ नये, बोलावलं तिथे हजर राहावं. पळून गेला तर पुढच्या वेळी अटकेचं कारण त्याने स्वतःच पुरवलेलं असतं.

एमपीडीए या धोकादायक व्यक्तींना आधीच डांबून ठेवण्याच्या राज्याच्या कायद्याखाली स्थानबद्धता झाली तर हे सगळं वेगळं चालतं. तिथे अनुच्छेद 22 मधली चोवीस तासांची अट लागत नाही, कारणं जास्तीत जास्त पाच दिवसांत द्यायची असतात आणि प्रकरण सल्लागार मंडळापुढे जातं. त्यावर स्वतंत्र लेख लागेल.

दंडाधिकारी आणि सत्र न्यायालयात दाद मिळाली नाही तर पुढचा टप्पा उच्च न्यायालयाचा. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आहे. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग ही सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता तिथे चालतात. बेकायदा अटकेविरुद्धची याचिका किंवा बंदी प्रत्यक्षीकरण, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणण्याचा आदेश, मागण्यासाठी मुंबईला मुक्काम करण्याची गरज उरली नाही. जाताना सोबत अटकेच्या कारणांचा कागद, अटकेचा पंचनामा, पहिल्या रिमांडचा अर्ज आणि त्यावरचा आदेश यांच्या प्रमाणित नकला, फिर्यादीची प्रत आणि पोलीस अधीक्षकांना पाठवलेल्या ईमेलची छापील प्रत घ्यावी. नकलेचा अर्ज पहिल्या रिमांडच्या दिवशीच टाकावा. तातडीची नक्कल मागितली तरी वेळ जातो, आणि ती हाती येईपर्यंत माणूस आत असतो.